मरणाचा सदरा

झाम्फिराच्या घरात बायका दोन होत्या आणि बाहेर पडण्याजोगा कपडा एक. तोही धड त्यांचा नव्हता. पळून गेलेल्या कुठल्याशा शिपायाचा तो डगला होता. डावी बाही कोपरापर्यंत जळालेली, गुंडी एकही नाही, कमरेला दोरी. सासू लाकडं आणायला निघाली की सून इलिंका गोणपाटात चुलीमागच्या ओट्यावर बसायची. सून पाण्याला गेली की सासू बसायची. आणि तेही झुंजूमुंजू असताना किंवा दिवेलागणीला, घळीच्या बाजूने. कारण सरकारी डगला कुणाच्या अंगावर दिसला की पोलीस शिपाई तो भर रस्त्यात उतरवून घ्यायचा, आणि वर दोन कानाखाली द्यायचा. लढाई संपल्यावर सरकारला आपल्या मालाची फार आठवण येत होती. माणसांची तितकीशी येत नव्हती.

सोकेनी गाव नदीच्या काठी, आणि त्या नदीवरच दोन वर्षं फौजा समोरासमोर बसलेल्या. मेंढ्या आधी आपल्या फौजेने खाल्ल्या, उरल्या त्या शत्रूच्या फौजेने. खाताना दोघांनीही परकं-आपलं केलं नाही. जवसाच्या वावरांत खंदक पडले. हातमाग अधिकाऱ्यांच्या शेकोटीत गेले. मग आला तापाचा आजार. त्याच्यामागून आली तोंडाला फडकी बांधलेली माणसं, आणि त्यांनी घराघरांतलं पांघरूण-लुगडं गोळा करून अंगणात पेटवून दिलं. उवा मेल्या. उवांबरोबर कपडेही गेले. सोकेनीत कापड कधी कुणी विकत आणलं नव्हतं. जवस पेरायचं, उपटायचं, ओढ्यात कुजवायचं, कुटायचं, कातायचं, विणायचं, मग कुठे अंगावर सदरा यायचा. वावर गेलं म्हणजे सदरा गेला, हे शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही.

या सगळ्यातून झाम्फिराची एक गोष्ट मात्र वाचली होती. घरामागच्या आलुबुखाराच्या झाडाखाली पुरलेल्या पेटीत ती होती, म्हणून वाचली. ती होती मरणाची जोडी. सोकेनीतली बाई सासू झाली की आपल्या मरणाचे कपडे शिवायला घेते. पायघोळ पांढरा सदरा, वरून गुंडाळायचं काळं वस्त्र, कमरपट्टा, रुमाल. झाम्फिराच्या सदऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर काळ्या आणि गर्द निळ्या दोऱ्याची वीण होती. इतकी बारीक की बोटाने चाचपली तर वीण कुठे संपली आणि कापड कुठे लागलं ते कळू नये. नवरा वासिले शांतपणे आपल्या जोडीत गेला होता. मुलगा तोआदेर मात्र लढाईत मेला आणि नदीकाठच्या खड्ड्यात, इतरांच्या अंगावर, आहे तसा टाकला गेला. "घरातलं एक माणूस उघडं गेलं. मी तरी नीट जाईन," एवढंच झाम्फिरा म्हणायची, आणि पेटीवर हात फिरवायची.

त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर पाद्री निकोदिम यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. शेजारची कासांद्रा त्या तशाच्या तशा घेऊन आली. तीही लढाईतली विधवा. जीभ तिखट, पण मनातून भित्री.

"ऐका झाम्फिरा मावशी," दारातूनच ती म्हणाली. "पहिलं म्हणजे, जमीनदाराची जमीन वाटायला कमिशन येतंय, पुढच्या आठवड्यात, बुधवारी. आपल्या विधवांचा हक्क पहिला. पण बाईने स्वतः वावरात जाऊन उभं राहायचं. मुखियाने म्हणायचं, हो, ही अमक्याची बायको. मग नाव लागणार. न येईल तिचा तुकडा दुसऱ्याला."

ओट्यावरून इलिंकाने मान वर केली. "ओढ्याकडचाही?"

"सगळा. पण ओढ्याकडच्यावर मुखियाच्या मेव्हण्याने केव्हाच डोळा ठेवलाय म्हणतात."

ओढ्याकडचा तुकडा तोआदेरने सात वर्षं बटईने कसला होता. जवसाला तसली ओली माती पंचक्रोशीत नव्हती. इलिंकाने आपल्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिलं. पुरुषांच्या, शिपायांच्या, साहेबांच्या पुढे गोणपाटात उभं राहायचं म्हणजे सोकेनीच्या बाईने उघडं उभं राहणंच. डगल्यात जावं तर शिपाई समोरच असणार. आणि सासूच्या मरणाचा सदरा तरण्या सुनेने अंगात घालणं म्हणजे मरणाला घरात बोलावणं.

"आणि दुसरं काय गं?" झाम्फिराने विचारलं.

"दुसरं तर ऐकाच. समुद्रापलीकडून कपडे आलेत. गाड्या भरून. उद्या चर्चच्या अंगणात वाटणार. फुकट!"

झाम्फिराने चुलीतला निखारा पुढे ओढला. "फुकट नसतं काही," ती म्हणाली. "त्यांचीही पोरं मेली असतील लढाईत. पोरांच्या नावाने दान असणार ते."

सोकेनीत दानाची रीत अशीच होती. माणूस गेलं की त्याचे कपडे दुसऱ्याला द्यायचे. घेणाऱ्याने हातपाय धुऊन, स्वच्छ कपड्यात जायचं, मेलेल्याचं नाव विचारून घ्यायचं आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. मग कपडा इथे जिवंत माणसाने घातला तरी तिकडे मेलेल्याच्या अंगाला ऊब लागते. मळक्या अंगाने दान घेणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर चिखल फेकणं. तेव्हा दुसऱ्या दिवशी काय घालून जायचं, याबद्दल गावातल्या एकाही बाईला शंका नव्हती. ज्या बाईकडे जे चांगलं लपवून उरलं होतं ते तिने काढलं. कुणी लग्नाचा सदरा काढला, कुणी आईचा. झाम्फिराकडे एकच होतं. ती कुदळ घेऊन झाडाखाली गेली.

"आई, तो नका काढू," इलिंका म्हणाली. "तो एकदाच घालायचा असतो."

"मग गोणपाटात जाऊ, परक्यांच्या मेलेल्या पोरांपुढे? तुझ्यासाठी कोट आणते. आल्याबरोबर धुऊन परत ठेवते. देवाला घाई असली तर थांबेल तेवढा."

सकाळी चर्चच्या अंगणात बायका रांगेने उभ्या होत्या. बर्फावर पांढरे सदरे, खांद्यावर लाल, काळी, निळी वीण, डोक्याला ताणून बांधलेले रुमाल. पोटात आदल्या दिवशीचा मक्याचा घाटा, तोही अर्धा वाटा. पायांत गवताच्या दोऱ्या गुंडाळलेल्या. पण पाय बर्फात रुतलेले, त्यामुळे ते दिसत नव्हते. दिसत होते ते सदरे.

गाड्यांपाशी परदेशी बाई उभी होती. उंच, तरतरीत, गाल लाल, अंगात टाचेपर्यंत जाड कोट. वाईट नव्हती. वाईट माणसाला निदान ओळखता येतं. तिच्याशेजारी एक दुभाष्या, शहरातला, हातमोजे घातलेला. नाव लास्कर. तिपाईवर फोटोची पेटी. आणि पेटीच्या बाजूला गावचा मुखिया गावरिल बुर्सुक, मिशीला पीळ देत.

बाईने रांग पाहिली. डोळे मोठे केले, हात जोडले, काहीतरी आनंदाने म्हणाली. मग तिचा चेहरा हळूहळू पडला.

लास्कर म्हणाला, "बाई विचारतात, आज गावात लग्न आहे का?"

"लग्नाला पुरुष लागतात साहेब," कासांद्रा म्हणाली. "ते नदीकाठी निजलेत."

हे त्याने बाईला सांगितलं नाही.

झाम्फिरा पुढे झाली. "त्यांना विचारा, कुणाच्या नावाने देतात? मुलाचं नाव सांगायला सांगा. नाव घेतल्याशिवाय पोचत नाही."

"कुणी मेलेलं नाही हो. वापरून झालेले कपडे आहेत."

"म्हणजे जिवंत माणसाचे?"

"हो."

"मग तो काय घालतो?"

"त्याच्याकडे दुसरे असतात," लास्कर वैतागून म्हणाला.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. जिवंत माणसाच्या अंगावर एक आणि वर आणखी एक कोट, आणि तो त्याला नको झालेला. ही गोष्ट डोक्यात मावायला त्यांना वेळ लागला.

तेवढ्यात बाई पुन्हा बोलू लागली. लास्करने ऐकून घेतलं आणि मोठ्याने सांगितलं, "बाई म्हणतात, तुमचे कपडे फार सुंदर आहेत. त्यांच्याकडे राणीच्या अंगावरही असं काम नसेल. पण हे कपडे गरजूंसाठी आहेत. ज्यांनी ते दिले त्यांना फोटो दाखवायचा आहे. असा फोटो पाहून कोण आणखी पाठवील? तेव्हा गरजू असतील त्यांनी पुढे यावं."

कुणीच पुढे आलं नाही. गरजू म्हणजे कोण, हेच कळेना.

तिकडून फाटकाच्या बाजूने एक बाई आली. अनवाणी, अंगावर डुकरं राखणाऱ्या पोरीच्या चिंध्या, तोंडाला राख, केस मोकळे. खोकत खोकत आली आणि परदेशी बाईच्या पायाशी बसली. गावातल्या कुत्र्यांनीही तिला क्षणभर ओळखलं नाही. पण बायका कुत्र्यांहून हुशार. ती मुखियाची बायको अग्लाया होती. तिच्या कोठीत पीठ होतं, खुंट्यांवर मेंढीच्या कातड्याचे दोन कोट होते, आणि नवरा रात्री जेवताना तिला म्हणाला असावा की या परदेशी लोकांना काय बघायला आवडतं.

परदेशी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने स्वतःच्या हाताने अग्लायाच्या खांद्यावर तपकिरी कोट घातला, पायात लोकरी मोजे चढवले. पेटीतून फट् असा उजेड पडला.

"अग्लाये," झाम्फिरा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घरी गेल्यावर आधी तोंड धू गं. नाहीतर तुझीच डुकरं तुला सोबतीण समजतील."

"गरिबाला हसू नये मावशी," अग्लाया मान खाली घालून म्हणाली. कोटाच्या कॉलरआड मात्र तिचे ओठ हलले.

मुखिया लास्करच्या कानाशी लागला. लास्कर रांगेला म्हणाला, "आता जा. उद्या पुन्हा वाटप आहे. खरे गरजू असतील त्यांनीच यावं."

त्या दुपारी सोकेनीत चिंध्यांना भाव आला. आजवर ज्या चिंधीने कुणी मडकं पुसलं नसतं तिच्यासाठी एकेक अंडं जाऊ लागलं. आणि चिंध्या होत्या कुणाकडे? तापाच्या वेळी ज्यांच्या अंगणात होळी पेटली नव्हती त्यांच्याकडे. म्हणजे मुखियाकडे. अग्लायाने माळ्यावरची जुनी झूल, फाटकी पोती, गड्यांच्या उसवलेल्या विजारी खाली काढल्या आणि उसन्या दिल्या. कुणी बदल्यात पेरणीला दोन दिवस द्यायचे कबूल केलं, कुणी कोंबडी. कासांद्राने तीन दिवसांची खुरपणी कबूल करून एक झूल आणली. तिला मध्ये भोक पाडून ती डोक्यातून घालून बघत होती.

"कशी दिसते मी मावशी?"

"झुलीसारखी," झाम्फिरा म्हणाली. "घोडा कुठाय?"

कासांद्रा हसली, मग हसता हसता रडली. "जगायला काय काय करायचं हो बाईने?"

झाम्फिराला चिंधी आणायची गरज नव्हती. ती तिच्याकडे घरचीच होती. इलिंका म्हणाली, "मी जाते. गोणपाटातच तर बसलेली असते मी. मला बघू दे त्यांना."

"तोआदेरची बायको त्या फोटोच्या पेटीपुढे पाय उघडे टाकून उभी राहणार? मग मीच मेलेली बरी." सदरा घडी करून तिने पेटीत ठेवला. "मी म्हातारी. माझ्याकडे बघून कुणाला काय मिळणार? थंडी तेवढी."

दुसऱ्या दिवशी परसांच्या मागून, कुंपणं धरत, ती गोणपाटात गेली. गोणपाट गुडघ्याच्या वर दोन बोटं संपत होतं. साठी उलटलेल्या बाईचे पाय गावाने कधी पाहिले नव्हते. निळ्या शिरांचे, हाडांना चिकटलेले ते पाय घेऊन ती रांगेत उभी राहिली. आज सगळ्याच तशा होत्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पाद्री निकोदिमही चर्चच्या खिडकीतून बाहेर डोकावले नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी गाड्यांतली चार कांबळी पोचली होती. ज्याच्या घरात ऊब जाते त्याची जीभ थंड होते.

परदेशी बाई रांगेच्या टोकापासून बघत आली. दुसऱ्या चेहऱ्यापाशी थांबली, तिसऱ्यापाशी थांबली. मग तिचे लाल गाल आणखी लाल झाले. ती भराभर बोलली.

लास्कर म्हणाला, "बाई म्हणतात, काल होत्या त्याच या. घरी चांगले कपडे ठेवून चिंध्या घालून आलात. बाईंना फार दुःख झालंय. त्या म्हणतात, गरीब माणूस प्रामाणिक असतो असं त्यांना वाटलं होतं."

"मग काल तरी काय खोटं होतं?" कासांद्राने विचारलं. "काल काय घालून यायला हवं होतं ते परवा सांगायचं."

"गप बस," मुखिया म्हणाला.

तरी वाटप झालं. रागावलेल्या माणसाचं वाटप जसं होतं तसं. जे वर आलं ते समोरचीच्या अंगावर. एकीला पुरुषाचा मागे शेपटासारखा फाटा असलेला काळा कोट, एकीला लहान मुलीची गवती टोपी, कासांद्राला एका पायाचा बूट. दुसरा सापडला तर देऊ म्हणाले.

झाम्फिरापाशी मात्र बाई थांबली. तिचा हात हातात घेतला, तिच्या गोणपाटाकडे पाहिलं आणि आपल्या खांद्यावर बोटांनी नक्षी काढून दाखवली.

"कालचा तो सदरा," लास्कर म्हणाला. "काळ्या-निळ्या विणीचा. बाईंना तो हवाय. त्यांच्या देशात मोठ्या घरी लोकांना दाखवतील. त्यांना कळेल इथल्या बायकांचे हात काय आहेत. बदल्यात चांगला कोट देतील."

झाम्फिराला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कोट द्यायचाच आहे ना? त्यासाठीच आणलाय ना इतक्या लांबून?"

"तो गरजूंना. तुमच्याकडे सदरा आहे."

"तो माझ्या मरणाचा आहे. सांगा त्यांना."

लास्करने सांगितलं. काय सांगितलं देव जाणे. बाई हसली आणि तिने झाम्फिराच्या गालावर हात ठेवला. मरणाचा शब्द ऐकून कुठल्याही मुलखातलं माणूस असं हसत नाही. तेव्हा झाम्फिराला कळलं की तो शब्द या हातमोजेवाल्याच्या तोंडातून बाहेर पडलेलाच नाही.

"पुन्हा सांगा. नीट."

"अहो, काय सांगू? घाबरतील त्या. द्यायचा असेल तर द्या, नाहीतर पुढचीला येऊ द्या."

गाडीच्या कडेला एक कोट लटकत होता. राखी, जाड, आत अस्तर, गळ्याला मऊ केसांची कॉलर. झाम्फिराने तो बघितला. तिच्या मनात पुढच्या आठवड्यातलं वावर आलं, साहेबाचं टेबल आलं, ओढ्याकडचा ओला तुकडा आला. मेलेल्याला कपडा लागतो हे खरं. पण मेलेल्यांची रांग लांब असते, तिथे नंबर यायला वेळ आहे. जिवंतांची रांग पुढच्या बुधवारी होती.

"तो कोट," ती बोट दाखवून म्हणाली. "आणि सुनेच्या पायात काहीतरी. दोन्ही पायांत. आणि मला अंगावर घालायला. गोणपाटात परत जाणार नाही मी. तुमच्या बाईला सदरा पाहिजे तर मला पाय झाकून घरी पाठवा."

लास्कर घासाघीस करू लागला. झाम्फिराने आयुष्यात दुष्काळातही बाजारात मेंढी स्वस्त दिली नव्हती. ती पाठ फिरवून निघाली तेव्हा बाईनेच ओरडून तिला थांबवलं. शेवटी कोट मिळाला, बूट मिळाले, आणि झाम्फिरासाठी एक हिरवा, झुळझुळीत, गळ्याशी मणी लावलेला झगा. नाचायला घालायचा. वाऱ्याला अडवण्याची त्याला सवय नव्हती, पण घोट्यापर्यंत होता.

इलिंकाची नजर चुकवून तिने पेटीतला सदरा वस्त्र-पट्ट्यासकट आणून दिला तेव्हा बाईने तो पातळ कागदात गुंडाळला, बाळाला गुंडाळावा तसा. आभार मानले. खरंच मनापासून मानले. झाम्फिराने तोंड उघडलं, पण देव क्षमा करो असं म्हणायला तिथे कुणी मेलेलं नव्हतं. ती तशीच वळली.

घरी इलिंकाने कोट हातात घेतला, कॉलर चाचपली आणि सासूच्या अंगावरचा हिरवा झगा बघितला. मग रिकाम्या पेटीकडे बघितलं.

"आई! काय केलंत हे?"

"बाजार."

"मला नको. परत द्या. उद्या तुम्हाला काही झालं तर मी तुम्हाला कशात गुंडाळू? या मण्यांत?"

"मला काही होत नाही. मरायला आता कपडा नाही, म्हणजे सवडही नाही. तू बुधवारी ताठ उभी राहा, एवढं कर."

इलिंका रागाने रडत राहिली. पण कोट अंगात घातला तेव्हा कितीतरी महिन्यांनी तिचे खांदे खाली आले. थंडीने आवळलेले खांदे. झाम्फिराने ते पाहिलं आणि चुलीत लाकूड सारलं.

बुधवारी बर्फ विरघळायला लागला होता. जमीनदाराच्या वावरात टेबल मांडलेलं, त्याच्यामागे कमिशनचा साहेब, कारकून, पोलीस शिपाई. बाजूला मुखिया, त्याच्यामागे त्याचा मेव्हणा, आणि जरा अंतरावर पाद्री निकोदिम. सासू-सून लढाईनंतर पहिल्यांदाच बरोबर घराबाहेर पडल्या होत्या. राखी कोटातली सून आणि गोणपाटावर हिरवा नाचायचा झगा चढवलेली सासू. पुरुष तोंडावर हात धरून हसत होते.

कारकुनाने नाव पुकारलं. "तोआदेर रुसू याची विधवा."

इलिंका पुढे झाली. साहेबाने वर पाहिलं. कॉलर पाहिली. "ही विधवा?"

मुखियाने पुढे येऊन तिच्याकडे निरखून पाहिलं, जसं बाजारात अनोळखी गाय बघावी. "साहेब, मी या बाईला ओळखत नाही."

"काय?" झाम्फिरा म्हणाली.

"तोआदेरची बायको हिवाळाभर कुणाच्या नजरेला पडलेली नाही. तापात गेली असेल बिचारी. आणि त्यांच्या घरात अंग झाकायला चिंधी नाही, हे गाव जाणतं. ही केसांची कॉलर कुठून येणार? ही शहरातली कोणी भाडोत्री आणलीय म्हातारीने."

साहेब म्हणाला, "बरोबर आहे. असा कोट असलेल्या बाईला जमिनीची काय निकड?"

"साहेब!" इलिंकाचा आवाज फुटला. "आमच्या अंगणात माझ्या लग्नाला नाचलेत हे! मुखिया, माझ्याकडे बघा ना नीट!"

मुखियाने नीट तिच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं.

"पाद्रीबुवा," झाम्फिरा म्हणाली, "लग्न तुम्ही लावलंत."

पाद्री निकोदिम म्हणाले, "मी इतकी लग्नं लावतो बाई. आणि सगळ्या नवऱ्या खाली मान घालूनच असतात."

पहिल्या दिवशी कपडे बरे होते म्हणून गरीब नाहीत. दुसऱ्या दिवशी कपडे फाटके होते म्हणून प्रामाणिक नाहीत. आज कोट आहे म्हणून बाईच ती नाही. झाम्फिराला राग चढला आणि तो ऊब देत होता, कुठल्याही कोटापेक्षा जास्त.

ती वळली आणि टेबलापासून सरळ नांगराच्या तासात गेली. खाली वाकली. वरची माती चिखल झालेली, खालची अजून गोठलेली. नखांनी ती उकरू लागली. एक नख मुळापासून उचकटलं. दोन्ही हातांत मावेल एवढं मातीचं ढेकूळ तिने उपटून काढलं. मग डोक्याचा रुमाल सोडला, पांढरे केस मोकळे केले आणि ते ढेकूळ डोक्यावर ठेवलं.

हसणाऱ्या पुरुषांचं हसू थांबलं.

"हे काय नाटक?" साहेबाने विचारलं. पोलीस शिपायाने, जो स्वतः पलीकडच्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा होता, हळूच टोपी काढली. त्याचं बघून बाकीच्यांनीही काढल्या.

जमिनीच्या भांडणात डोक्यावर माती घेऊन बोललेलं सोकेनीत कुणी तपासत नाही. ते माती तपासते. मुखियाच्या आजोबाच्या वेळी एकाने खोटी माती उचलली होती. त्याचं घर गावात कुठे होतं, हे आता कुणाला सांगता येत नाही.

चिखल झाम्फिराच्या कपाळावरून, गालावरून त्या हिरव्या झग्याच्या मण्यांवर ओघळत होता.

"मी झाम्फिरा," ती म्हणाली. "वासिलेची बायको, तोआदेरची आई. ही इलिंका, माझ्या तोआदेरची बायको. खोटं बोलत असेन तर हीच माती मला आजच गिळू दे. आणि एक ऐका सगळे. मला मातीत जायला सदरा नाही. तो मी या कोटासाठी दिला. ज्या बाईकडे मरायला कपडा नाही ती खोटी माती उचलेल का?"

मग तिने ढेकूळ डोक्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांनी मुखियापुढे धरलं.

"आता तुझी पाळी गावरिल. ठेव डोक्यावर. आणि म्हण, मी हिला ओळखत नाही."

मुखियाचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला. त्याने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा आपल्या बुटांकडे बघत होता. पाद्रीबुवांनी छातीवर क्रूस केला, कुणासाठी ते कळलं नाही. झाम्फिराचे हात खाली आले नाहीत.

"काय मावशी, तुम्ही पण," मुखिया शेवटी म्हणाला. "ती कॉलर गालापर्यंत आलीय. चेहराच दिसत नव्हता. आता दिसला."

"कोण आहे मग?"

"तोआदेरची."

"साहेबांना सांग. मला माहीत आहे."

"तोआदेर रुसूची बायको, साहेब. ओळखतो मी."

साहेबाने खांदे उडवले. कारकुनाने पेन शाईत बुडवलं. "तुकडा कोणता?"

मुखियाने घसा खाकरला. "वरच्या माळावर एक चांगला..."

झाम्फिराने ढेकूळ त्याच्या छातीजवळ नेलं.

"ओढ्याकडचा," मुखिया म्हणाला.

पेन कागदावर खरखरलं. इलिंकाने अंगठा उठवला. सासूने ढेकूळ जिथून उचललं होतं तिथे परत ठेवलं, पायाने दाबलं, आणि रक्ताळलेलं बोट तोंडात घालून बाजूला उभी राहिली. तिला आता फार थंडी वाजत होती.

"पुढची," कारकुनाने पुकारलं. "लढाईत मेलेल्याची विधवा, कासांद्रा मुन्त्यान."

कासांद्रा एक बूट आणि एक गवताची दोरी अशा पायांनी रांगेतून बाहेर आली. मुखिया तिच्याकडे बघून तोंड उघडतच होता. कासांद्राने आयुष्यात कधी त्याच्यापुढे मान वर केली नव्हती. तशी तिने ती आताही केली नाही. टेबलाकडे जाण्याआधी ती तासात शिरली, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली.